बटेरांची विनंती बदली

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. आमच्या ह्यांना निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं, तरी रोज सकाळी भांग पाडून, खिशाला पेन लावून हे समोरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे आणि कोणीतरी अर्ज घेऊन येईल म्हणून दाराकडे बघत राहायचे. यायची ती भाजीवाली. तिलाही हे मान वर न करता विचारायचे, "काय काम आहे?"

तर हे म्हणजे सदाशिवराव, माझे यजमान. जिल्ह्यात बऱ्याच शाळा असलेल्या एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात, इथेच यवतमाळात, यांचा जन्म गेला. आस्थापना विभागाचे मोठे बाबू होते. काम काय, तर बदल्या. आर्णीचा मास्तर राळेगावला, राळेगावचा शिपाई उमरखेडला. अख्ख्या जिल्ह्यातली माणसं यांनी इकडची तिकडे केली आणि स्वतः एकाच टेबलाशी, एकाच पंख्याखाली बसून निवृत्त झाले. त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते जेवताना मला कितीदा तरी ऐकवलेलं होतं. "शाळेत भांडण झालं ना रत्नप्रभा, तर कोण चूक कोण बरोबर यात पडायचं नाही. ज्याची तक्रार आहे त्यालाच हलवायचं. त्रास त्यालाच होतो ना? तक्रारदार गेला की तक्रार गेली." यालाच आमच्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण ऑफिसात त्याला प्रशासकीय कारण म्हणत असत.

घरात हलवायला माणसं कमी पडू लागली तेव्हा यांनी माझे डबे हलवायला घेतले. साखरेचा डबा मिठाच्या जागी, डाळी वरच्या फळीवर. मग मात्र मी मुलाला, अनिमेषला सांगितलं, बाबा रे, तुझ्या वडिलांना काहीतरी काम लाव, नाहीतर मी माहेरी जाते. या वयात माहेरी कोण आहे हा प्रश्न वेगळा.

अनिमेष बँकेत आहे. त्यानं आणि आमच्या सूनबाईनं, दिपालीनं, फोनवर कुठलासा व्हिडिओ दाखवला. कमी जागेत बटेरपालन. मुठीएवढी तपकिरी पाखरं, ठिपक्याठिपक्यांची अंडी. रानातली बटेर धरली तर वनखातं दारात उभं राहतं, ही मात्र जपानी, पाळायचीच जात. मागच्या अंगणात टिनाची शेड होतीच. यांच्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी चमक आली, कारण व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की यात व्यवस्थापनाला फार महत्त्व आहे.

हॅचरीवाला पाखरं घेऊन आला. शेडमध्ये जाळीचे चार खण केले होते. दुसऱ्या दिवशी पाहते तर प्रत्येक खणाला पाटी. यवतमाळ, आर्णी, राळेगाव आणि शेवटचा, पश्चिमेच्या तापत्या पत्र्याला लागून असलेला, उमरखेड.

"अहो, पाखरांना नावं द्यायची सोडून खणांना काय देता?" मी म्हटलं.

"पाखरं येतात नि जातात," हे म्हणाले. "पदं कायम राहतात."

पिल्लं होती तोवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. एकमेकांच्या अंगावर झोपायची, दाणे खायची, मोठी होत होती. नर वयात आले आणि बिघडलं. दिवसभर ओरडायला लागले. मग एकमेकांच्या डोक्यावर टोचायला लागले. नर नराला, नर मादीला, आणि ज्याला कोणी टोचलं तो त्याच्याहून गरीब असेल त्याला. पाठीची पिसं गेली, टाळू उघडे पडले. एकदा का रक्ताचा थेंब दिसला की मग ज्यांचा भांडणाशी संबंध नाही तेही येऊन एकेक चोच मारून जायचे. आपल्याकडे नाही का, मेलेल्या माणसाबद्दलसुद्धा जाता जाता एखादा शब्द बोलून घेतात, तसंच.

या सगळ्याचं मूळ होता यवतमाळ खणातला एक दांडगा नर. छाती पुढे काढून चालायचा. पाण्याच्या भांड्यापाशी उभा राहायचा आणि तो पिऊन सरकेपर्यंत बाकीच्यांनी तहानलेलं राहायचं. मी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं. हॅचरीवाल्यानं याची जात उत्तम आहे म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे हेही त्याच्याशी जरा अदबीनंच वागत.

पहिली बदली झाली ती एका बारक्या मादीची. भाऊसाहेबानं तिच्या डोक्याची सालटं काढली होती. यांनी तिला दोन्ही हातांत धरलं, चष्म्यातून नीट पाहिलं आणि म्हणाले, "हिची आर्णीला सोय करू. तिथं वातावरण चांगलं आहे."

"भाऊसाहेबाला का नाही हलवत?"

"तो सीनियर आहे," हे म्हणाले. "शिवाय त्याची काही तक्रार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मादी आर्णीत मरून पडली होती. हे कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले. "रुजू झाल्या झाल्या आजारी पडली," असा निष्कर्ष निघाला.

मग जे सत्र सुरू झालं, त्याला तोड नाही. आर्णीतली जखमी राळेगावला, राळेगावची उमरखेडला, उमरखेडला जागा नाही म्हणून तिथलं एक यवतमाळला. गेलेलं प्रत्येक पाखरू नव्या खणात परकं. आगीतून उठून फुफाट्यात. आत सोडलं की तिथले सगळे माना वर करायचे आणि सुरू व्हायचे. शांत होता तो खणही यांनी एक पाहुणा पाठवून पेटवून दिला. दर दोन-तीन दिवसांनी मी पारिजातकाखाली खड्डा खणायची आणि हे म्हणायचे, "अजून घडी बसायची आहे."

त्या आठवड्यात दिपालीचे आईवडील आले. रामराव आणि विमलताई, आर्णीजवळच्या खेड्यातले, कापूस-तुरीचे शेतकरी. रामरावांनी शेडमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढून विचारलं, "काहून जी इवाई, हे पाखरं एकमेकाले कायले खाऊन राह्यले?"

"रुळायला वेळ लागतो," हे म्हणाले.

"नजर लागली असन," विमलताई म्हणाल्या. "मिरच्या उतरवून टाका."

"नजरगिजर काही नाही," रामराव भाऊसाहेबाकडे बोट दाखवत म्हणाले. "हा दांडगा दिसते का तुमाले? हा मले द्या. आज संध्याकाळी मस्त तिखट रस्सा करतो. भांडन बी मिटन अन् पाहुनचार बी होईन."

यांचा चेहरा असा झाला की जणू संस्थेच्या अध्यक्षांचाच रस्सा करायचं कोणी सुचवलं. रामरावांना पिठलं-भाकरी खाऊन परतावं लागलं. विमलताई मात्र जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इहीनबाई, पोरगी सुकून राह्यली. काही बोलते का तुमच्यापाशी?"

बोलत नव्हती. दिपाली यांच्याच संस्थेच्या शाळेत शिकवते, इथेच गावाच्या टोकाला. मुलांची लाडकी बाई. पण महिनाभरापासून शाळेतून आली की पर्स खुंटीला अडकवून नुसती बसून राहायची. लेक आभा बालवाडीतल्या गमती सांगायची, तेव्हाही हिचं लक्ष नसायचं. त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, आज सांगितल्याशिवाय कप उचलायचा नाही.

झालं होतं असं. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप. का, तर मुख्याध्यापक बबनराव यांचं घर बांधणं चालू आहे आणि त्यांची सिमेंटची पोती आत ठेवली आहेत. मोठ्या मुली दुपारची सुट्टी झाली की घरी पळायच्या, त्या परत यायच्याच नाहीत. दिपालीनं शिक्षकांच्या सभेत उभं राहून एवढंच विचारलं, की सर, कुलूप कधी उघडणार? त्या दिवसापासून बबनरावांनी तिला धारेवर धरलं. कोणी रजेवर गेलं की त्याचे तास हिला. दोन मिनिटं उशीर झाला की वर्गासमोर, मुलांदेखत बोलणं. हिनं केलेल्या कामाला नाव दुसऱ्याचं. आणि बबनराव टोचतात हे दिसल्यावर बाकीचेही सरसावले. कोणी डबा खायला शेजारी बसेना. जी मैत्रीण होती ती म्हणाली, तुला काय गरज होती गं बोलायची?

मी यांच्याकडे पाहिलं. हे शेडमधून हात धुऊन आले होते आणि सगळं ऐकत होते.

"बाबा, काय करू?" दिपालीनं विचारलं. तिचा आवाज कापला.

यांना एक क्षणही लागला नाही. "विनंती बदली टाक. उमरखेडला जागा रिकामी आहे. अर्ज मी तयार करतो, शनिवारपर्यंत देऊन टाकू."

उमरखेड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचं म्हटलं तर माणूस एसटीतच म्हातारं होईल. म्हणजे तिथं खोली घेऊन राहायचं. आभा एकतर आईविना इथं, नाहीतर बापाविना तिथं. आणि मुलींचं कुलूप तसंच. दिपालीनं कप उचलला, चहा गार झाला होता तो तसाच प्यायली आणि आभाला झोपवायला गेली. अनिमेष म्हणाला, "बाबांना अनुभव आहे, आई." माझा मुलगा स्वभावानं गरीब आहे. गरीब म्हणजे गाईसारखा, आणि गाईचा घरात जेवढा उपयोग तेवढाच त्याचा अशा वेळी होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये पुन्हा एका मादीची बदली निघाली. पांढुरकी, जरा वेगळ्या रंगाची. यवतमाळातून उमरखेडला. नेहमी हे पाखरू आत सोडायचे, दार लावायचे, आणि हात झटकत घरात यायचे. आदेश निघाल्यावर पुढं काय होतं ते पाहायचं काम आस्थापनेचं नसतं. पण त्या दिवशी खणाची कडी तुटली. तार गुंडाळून बसवेपर्यंत यांना तिथंच स्टुलावर बसावं लागलं.

बराच वेळ झाला तरी हे येईनात म्हणून मी गेले. हे बाहेर येत होते. पंच्यामध्ये ती मादी गुंडाळलेली आणि यांच्या शर्टावर रक्त. आधी मला वाटलं, तारेनं यांचाच हात कापला.

"तिनं काही केलं नाही गं," हे म्हणाले. "कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. दाण्याकडेसुद्धा गेली नाही. तरी एकेक जण आला. आधी एक आला, मग दुसरा. ती पळाली तर जाळी. तिकडे वळली तर जाळी." यांनी पंचा जरा उघडला. तिचं डोकं पाहवेना. "मी आत हात घालेपर्यंत हे एवढं झालं. आणि आधीच्या सगळ्या…"

खोटं कशाला सांगू, मला त्यांची फार दया आली. साठी उलटलेला माणूस, मुठीएवढं पाखरू छातीशी धरून उन्हात उभा होता आणि कुठं जावं ते त्याला कळत नव्हतं. मी ती मादी घेतली. हळद लावली, टोपलीत ठेवली, वरून सुती फडकं घातलं.

यांनी पशुवैद्यक डॉक्टर मितालींना फोन लावला. त्या आल्या आणि तासभर तपासून त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना यांची मान खाली होती. नर फार झालेत, कमी करा. जागा दाट आहे. उजेड इतका लख्ख नको, खिडक्यांना पोती लावा. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या उंचावर टांगा, चोचीला दुसरं काम मिळू द्या. अंग घोळायला वाळू ठेवा. जो टोचतो त्याला एकट्याला काढा. आणि जखमी पाखराला परक्यांत कधी टाकायचं नाही. त्याच्याच खणात, त्याच्याच लोकांत, जाळीचा आडोसा करून ठेवायचं. बरं झालं की आडोसा काढायचा. त्याची जागा जाऊ द्यायची नाही.

हे सगळं यांनी मनापासून केलं. पाट्या काढल्या. भाऊसाहेब एकटा एका कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात गेला आणि दोन दिवस इतका ओरडला की शेजारच्यांनी विचारपूस केली. मग गप्प झाला. पांढुरकीला तिच्याच खणात जाळीआड ठेवलं. शेडमध्ये अंधुक, थंड शांतता. पाखरं दिवसभर मेथीच्या जुडीला लोंबकळून असत.

झालं. आमच्या ह्यांना साक्षात्कार झाला. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना थांबवून थांबवून सांगायला लागले. "टोचलेल्याला हलवू नका, टोचणाऱ्याला हलवा! निसर्गाचा नियम आहे हा!" कोणा निवृत्त तहसीलदारानं तर यांना व्याख्यानाला बोलावलं, ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात. तिथं हे पाऊण तास बोलले. शाल-श्रीफळ घेऊन घरी आले.

आणि त्याच शनिवारी संध्याकाळी, ती शाल खांद्यावर असतानाच, यांनी पिशवीतून टाइप केलेला कागद काढला आणि दिपालीपुढे ठेवला. विनंती बदलीचा अर्ज. खाली सहीपुरती जागा सोडलेली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण ज्यानं केली त्याच्या घरी माझ्यासारखीच कोणी बाई असणार.

दिपालीनं अर्ज वाचला. पेन हातात घेतलं. मग म्हणाली, "बाबा, पाखरांना जे लागू आहे ते मला नाही का?"

"अगं, माणसांचं वेगळं असतं," हे म्हणाले. "तिथं सेवाज्येष्ठता असते. बबनराव जुने आहेत. वर त्यांची ओळख आहे."

"भाऊसाहेबही जुनाच होता," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नको, रत्नप्रभा. तुला ऑफिसातलं कळत नाही."

मग माझा तोल गेला. मी तो अर्ज उचलला आणि यांच्या पुढ्यात ठेवला. "नाही कळत नं! पण मला एवढं सांगा, हिला उमरखेडला सोडल्यावर तुम्ही तिथं स्टूल टाकून बसाल का? त्या दिवशी बसले तसे? नवी बाई आली, कशी आली, काहून आली, हे तिथल्या सगळ्यांना आधीच कळलेलं असेल. एकेक जण येईल. तुम्ही तिथं हात घालायला असाल का? नसाल तर हा कागद फाडा. असाल तर बॅग भरा, मी पोळ्या करून देते."

आभानं विचारलं, आजी का ओरडली? अनिमेष तिला घेऊन बाहेर गेला. गाय शिंगं उगारत नाही, पण वेळेला गोठ्याबाहेर जाते.

यांनी खांद्यावरची शाल काढून घडी केली. "सोमवारी मी येतो तुझ्यासोबत," दिपालीला म्हणाले. "संस्थेच्या सचिवांकडे जाऊ."

मी म्हटलं, मीही येते. माझा यांच्यावर भरवसा नव्हता. जुन्या खुर्चीचा वास आला तर माणूस विरघळतो.

सोमवारी यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. कार्यालयात गेल्याबरोबर राजकुमार धावत आला. हा पूर्वी यांच्या हाताखाली होता, आता यांच्याच टेबलावर बसतो. चहा मागवला, पाया पडला, सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"साहेब, एवढ्या छोट्या गोष्टीचं टेन्शन कायले घेता? वहिनींची बदली करून टाकू. ऑर्डर उद्याच काढतो. तुम्हीच तर शिकवलं आम्हाला. तक्रारदार गेला की तक्रार गेली."

यांनी चहाचा कप खाली ठेवला. "चुकीचं शिकवलं," हे म्हणाले. "ती मरते तिकडे गेल्यावर. परकी पडते. तिची जागा नाही जाऊ द्यायची. आडोसा करायचा आणि टोचणारा बाहेर काढायचा. उजेड कमी करायचा. मेथी टांगायची."

राजकुमारनं माझ्याकडे पाहिलं. साहेबांचं डोकं फिरलं का, असं ते पाहणं होतं. मी म्हटलं, बरोबर बोलून राहिले ते, सचिवांना सांगा आम्ही आलो आहोत.

सचिवांच्या खोलीत आधी दिपालीच बोलली. आवाज आता कापत नव्हता. "मला बदली नको आहे. मुलींच्या संडासाचं कुलूप उघडा आणि चौकशी करा. चौकशीत मी खोटी ठरले तर मग कुठंही पाठवा."

सचिव यांच्याकडे वळून म्हणाले, "सदाशिवराव, तुम्ही समजावा. तुम्हाला तर पद्धत माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच आलो," हे म्हणाले. "कोणाची बदली कोणत्या साली झाली आणि कोणाच्या फोनवरून झाली, सगळं तोंडपाठ आहे मला. म्हातारपणी माणसाला बोलायची फार हौस येते, साहेब. परवाच पाऊण तास बोललो. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे."

सचिवांनी घंटी दाबून पाणी मागवलं. ते स्वतःच प्यायले. कुलूप आजच उघडेल, चौकशी याच आठवड्यात बसेल, आणि ती संपेपर्यंत बबनरावांनी शाळेत न जाता मुख्य कार्यालयात बसायचं, असं ठरलं. राजकुमारनं लगेच कोपऱ्यातलं एक टेबल पुसून घेतलं. दिपाली तिथल्या तिथे रडली आणि मग हसली. मी तिचा हात धरून ठेवला होता, मला वाटतं जरा जास्तच घट्ट.

बाहेर पडलो तेव्हा आमच्या ह्यांची छाती फुगलेली. दारात थांबून पंख्याकडे, टेबलांकडे नजर फिरवली. बाहेरच्या बाकावर माणसं बसली होती, कागद घेऊन, पिशव्या मांडीवर ठेवून. यांना पाहताच त्यातली एक बाई चटकन उठून उभी राहिली. साठीला आलेली असेल. केस पांढरे, चपलेचा अंगठा शिवलेला.

"नमस्कार साहेब."

यांनी साहेबी मान हलवली. "बसा, बसा. काय काम आहे?"

"पेन्शनच्या कागदासाठी येऊन राह्यली. तुम्ही ओळखलं नसन. मी सत्यभामा. राळेगावच्या शाळेत होती. तुम्ही मले उमरखेडले पाठवलं होतं."

"असेल, असेल," हे म्हणाले. मग थांबले. "विनंती बदली होती?"

"नाही जी. तक्रार केलती मी एक. मग ऑर्डर आली."

माझा हात दिपालीच्या हातात होता. दिपाली हलली नाही. राजकुमार आतून ओरडला, साहेब, गाडी बोलावू का? यांनी ऐकलं नाही.

"मग उमरखेडला…" हे म्हणाले. "तिथं गेल्यावर पुढं काय झालं?"

सत्यभामाबाईंनी यांच्याकडे नीट पाहिलं. आतापर्यंत त्या साहेबाशी बोलत होत्या. "इतक्या वर्षांनी पुसून राह्यले, साहेब?"

"हो," हे म्हणाले. "पुसून राहिलो."

"मग बसा," असं म्हणून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर जागा केली. हे बसले. त्या सांगू लागल्या, अगदी पहिल्या दिवसापासून, आणि आमच्या ह्यांनी त्यांना मध्ये एकदाही थांबवलं नाही.